तीच शाळा, तेच शिक्षक, दोन मुख्याध्यापक

त्या शाळेच्या शेरेबुकात माझ्या हातचे दोन शेरे आहेत. पहिला ऑगस्ट २०१७ चा : ‘सर्व अभिलेखे अद्ययावत. दप्तर नीटनेटके व अनुकरणीय. मुख्याध्यापकांचे अभिनंदन.’ दुसरा जानेवारी २०१९ चा : ‘कॅशबुक दोन महिन्यांचे अपूर्ण. जडवस्तू नोंदवही प्रमाणित नाही. सात दिवसांत खुलासा सादर करावा.’ दोन्हींतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण त्या दोन शेऱ्यांवरून कुणी ठरवायला बसलं की मुलं कुणाच्या काळात जास्त शिकली, तर तो हमखास चुकेल. मीही तसा चुकलोच होतो.

तेव्हा मी केंद्रप्रमुख होतो आणि माझ्याकडे चौदा शाळांची देखरेख होती. हे प्रकरण त्यांतल्या एकीचं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण ती सगळी अजून आहेत आणि त्यांच्या नोकऱ्याही आहेत.

गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. जमीन हलकी, पाऊस त्याच्या मर्जीचा. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुलं मागं राहिली तर आजीपाशी, नाहीतर फडावर. गाळप हंगाम संपून माणसं परततात तोवर मार्च-एप्रिल उजाडतो, म्हणजे वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते.

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी. पट १५४. हा आकडा नीट लक्षात ठेवावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर असेल तरच. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेच्या पदांची मंजुरी, होते. चार-पाच दाखले गेले की मुख्याध्यापकाचं पद गेलं, मग सगळ्यांत ज्येष्ठ शिक्षकाच्या गळ्यात ‘प्रभारी’ची माळ. मंजूर शिक्षक पाच, प्रत्यक्षात चार. पाचवं पद मी पाहिलं तेव्हापासून रिक्तच होतं.

आता पहिल्या मुख्याध्यापकांबद्दल. त्यांना सर म्हणतो. माणूस सज्जन, वेळेचा पक्का, व्यसन नाही, पैशाला हात लावणार नाही. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक रजिस्टरला खाकी कव्हर, त्यावर लाल शाईनं आखलेली चौकट, आत नाव आणि अनुक्रमांक. जनरल रजिस्टर, कॅशबुक, खतावणी, आवक-जावक, हालचाल, पोषण आहाराची साठा नोंदवही, चव नोंदवही, सूचना वही. कपाट उघडलं की डोळे निवायचे. तालुक्याला बैठक असली की गटशिक्षणाधिकारी इतरांना सांगायचे, ‘दप्तर बघायचं असेल तर त्या शाळेत जाऊन बघा.’ मीही नव्या मुख्याध्यापकांना तिकडंच पाठवायचो.

ऑगस्ट २०१७ मध्ये एका बुधवारी मी तपासणी उरकून पहिली-दुसरीच्या खोलीत मागे जाऊन बसलो. उद्देश काही थोर नव्हता. बाहेर पाऊस लागला होता आणि गाडीवर जाणं शक्य नव्हतं. पहिली आणि दुसरी एकत्र बसायची, कारण शिक्षक चारच. हा जोडवर्ग शाळेतल्या सगळ्यांत तरुण शिक्षकाकडे होता. का, तर तो सगळ्यांत नवा. वरच्या वर्गांवर ज्येष्ठांचा हक्क, ही आमच्याकडची अलिखित सेवाज्येष्ठता. पोरगा हुशार होता, मुलांत रमायचा आणि मुख्य म्हणजे त्याला कॉम्प्युटर यायचा.

घात तिथंच झाला. फळ्यावर ‘क’ला काना देऊन झाला आणि दारात चौथीतला मुलगा उभा, ‘सर, मोठ्या सरांनी बोलावलंय.’ ‘सरल’ या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत कुणाचा तरी आधार नंबर जुळत नव्हता. परत आला, पाच मिनिटांत पुन्हा बोलावणं. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तात्काळ’ आलं होतं, शौचालयाचे फोटो पाठवायचे होते. नंतर तांदूळ मोजायला. नंतर एका पालकाला बोनाफाईड हवं होतं म्हणून. दोन तासिका मिळून सत्तर मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण तिसऱ्या खेपेपासून वहीच्या कडेला वेळा टिपायला लागलो, आणि आधीच्या दोन खेपा अंदाजानं धरल्या. तो वर्गात होता एकतीस मिनिटं. उरलेल्या वेळात पहिलीतली एक चिमुरडी उठून फळ्यावरच्या ‘का’वर पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती. बाकीचे जे करायचं ते करत होते.

पाऊस थांबला. मी ऑफिसात जाऊन तो अभिनंदनाचा शेरा लिहिला आणि निघालो. वहीच्या कडेची टिपणं तशीच राहिली.

त्या वर्षीची आणखी एक नोंद. फेब्रुवारी २०१८ मध्ये मी तिसरीच्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला दिला. हजर होती एकोणीस, न अडखळता वाचला सहांनी. म्हणजे तीनातलं एक मूल. आता त्याच वर्षीच्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या अहवालात ग्रामीण भारताचा आकडा बघितला तर तिसरीतली सुमारे २७ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. आमची शाळा देशाच्या सरासरीच्या थोडी वरच होती. म्हणूनच कुणाच्या पोटात गोळा येत नव्हता. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यापासून पायाभूत चाचण्यांचे तक्ते भरले जात होतेच, आणि सरांचे तक्ते तर छापल्यासारखे.

इथं एक दुसरीकडची गोष्ट सांगितली पाहिजे. मध्य प्रदेशात शाळांच्या कारभारात सुधारणा करण्यासाठी एक मोठी योजना राबवली गेली. शाळेचं मूल्यांकन करायचं, तिचा स्वतःचा सुधारणा आराखडा बनवायचा, वरच्यांनी पाठपुरावा करायचा. कागदावर काही खोट काढता येणार नाही अशी. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तिची शास्त्रशुद्ध तपासणी केली. मूल्यांकनं झाली होती, आराखडे तयार झाले होते. शिक्षकांच्या हजेरीत, शिकवण्यात आणि मुलांच्या शिकण्यात मात्र फरक नव्हता. आणि तरीही योजना यशस्वी समजून पुढे पसरवली गेली. हे मी बऱ्याच नंतर वाचलं आणि मला पहिल्यांदा आठवली ती सरांची खाकी कव्हरं. दोष सरांना देऊन भागणार नाही. त्यांच्याकडून आम्ही जे मागत होतो ते ते चोख देत होते. मागणारा मीच होतो.

मे २०१८ मध्ये ऑनलाइन बदल्या झाल्या. सर दुसऱ्या तालुक्यात गेले आणि जूनमध्ये बाई आल्या. पन्नाशीच्या, बोलायला तुटक, चष्मा कायम कपाळावर. पहिले पंधरा दिवस त्यांनी काहीच केलं नाही. ऑफिसातली खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली, तिथून पाचही खोल्यांची दारं दिसतात, आणि मांडीवर वही घेऊन बसून राहिल्या. शिक्षकांत कुजबुज झाली की बाई आपल्यावर पाळत ठेवतायत. मलाही तेच वाटलं. जुलैत मी गेलो तेव्हा त्यांनी वही पुढं केली. शिक्षकांच्या उशिरा येण्याच्या नोंदी असतील अशी माझी खात्री होती.

आत होतं ते वेगळंच. वर्ग कशामुळे थांबला, त्याची यादी. तारीख, वेळ, वर्ग, कारण, मिनिटं. कारणांत ‘ऑफिस’ सगळ्यांत वर. त्याखाली पोषण आहार. मग पालक, मग पाहुणे. पाहुण्यांमध्ये एका ओळीत माझं नाव होतं : ‘केंद्रप्रमुख, २५ मि., दोन वर्ग.’

“शिकवत नाहीत म्हणून बोंब मारतो आपण,” त्या म्हणाल्या, “पण शिकवू देतं कोण त्यांना?”

पहिला नियम त्यातूनच निघाला. परिपाठानंतर मधल्या सुट्टीपर्यंत कुणीही शिक्षकाला वर्गातून बोलवायचं नाही. मुख्याध्यापकांनीही नाही, सरपंचानंही नाही, मीही नाही. पालक आला तर त्याला व्हरांड्यात बसवायचं, पाणी द्यायचं. भाषा आणि गणित याच वेळेत. ‘तात्काळ’ माहितीचं काय, असं मी विचारल्यावर त्यांनी टेबलावरच्या तीन बाडांकडे बोट दाखवलं. एक आजचं, ते त्या स्वतः चार वाजल्यानंतर करत. एक आठवड्यातलं, ते शनिवारी. तिसरं बाड जाड होतं. “ही आपोआप मरतात,” बाई म्हणाल्या. “दुसरं स्मरणपत्र आलं तर उत्तर द्यायचं. निम्म्यांचं येतच नाही.” मी स्वतः पाठवलेली दोन पत्रं त्या बाडात दिसली. काही बोललो नाही.

दुसरी गोष्ट पोषण आहाराची. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ वाटेल, पण प्राथमिक शाळेचा दिवस इथंच फाटतो. पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १४० हजर असली की चौदा किलो. सकाळी हजेरी झाल्यावर शिक्षक तांदूळ मोजून देणार, मग चूल पेटणार, म्हणजे जेवण उशिरा. हात धुवायला एकच नळ. रांग खोल्यांना वळसा घालून जायची. शिक्षकच वाढायचे. मधली सुट्टी कागदावर पंचेचाळीस मिनिटं, प्रत्यक्षात सत्तर. त्यानंतर पोटं भरलेली, ऊन चढलेलं, दुपारचा पहिला तास कुणाच्याच कामाचा नाही.

बाईंनी तांदूळ आदल्या दिवशी संध्याकाळी मोजायला सुरुवात केली, त्या दिवशीच्या हजेरीवर. कमीजास्त सकाळी मूठभर. तिन्ही स्वयंपाकी मदतनीस बायकांना बोलावून विचारलं की तुम्हाला कशानं उशीर होतो. त्यांतली एक म्हणाली, “बाई, सरपण वलं आसतंय, अन् त्याबद्दल आजवर कुनी इचारलंच न्हाई.” जळण ठेवायला पत्र्याचा आडोसा झाला. त्याच वर्षी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान सुरू झालं होतं. १०१ ते २५० पटाच्या शाळेला त्यात ५०,००० रुपये धरलेले असतात. आमच्या बाकीच्या शाळांनी त्यातून रंगरंगोटी केली, कारण रंग लांबून दिसतो. बाईंनी भिंतीलगत पाइप टाकून सहा तोट्या बसवल्या. वाढायला पाचवीतली मुलं, आठवड्याची पाळी लावून. मधली सुट्टी पंचेचाळीस मिनिटांत आवरायला लागली.

हिशेब करून बघा. रोज २५ मिनिटं, वर्षाचे २०० दिवस, म्हणजे ५,००० मिनिटं, ८३ तास. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला ८०० अध्यापन तास सांगितले आहेत. त्यातले दहा टक्क्यांहून जास्त तास एका पाइपानं आणि आदल्या दिवशीच्या मापानं परत मिळाले. एखाद्या प्रशिक्षणानं एवढं मिळवून दिल्याचं मला तरी आठवत नाही, आणि मी बरीच प्रशिक्षणं दिली आहेत.

तिसरी गोष्ट मात्र सोपी नव्हती. वर्गवाटप.

शाळेत एक गुरुजी होते, सत्तावीस वर्षं नोकरी झालेली. पाचवी त्यांचीच. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथीवरून पाचवीला आली, तेव्हापासून तर ती खोली त्यांची जहागीरच. दरवर्षी दोन-चार पोरं पात्र व्हायची, गावात फलक लागायचा. वाटपाच्या बैठकीला मी मुद्दाम गेलो होतो, वाद होणार हे कळलं होतं म्हणून.

“गुरुजी, यंदा पहिली तुम्ही घ्या.”

“बाई, माझी सत्तावीस वर्षं झाली. पहिली?”

“म्हणून तर.”

“अन् शिष्यवृत्ती? गावात माझं नाव आहे त्याच्यावर.”

“पाचवीत बत्तीस मुलं. बसवता किती? आठ. उरलेल्या चोवीसांना का बसवता येत नाही, ते सांगा.”

गुरुजी गप्प. सगळ्यांना उत्तर माहीत होतं. त्या चोवीस मुलांना धड वाचताच येत नव्हतं, कारण पहिली-दुसरीला त्यांच्या वाट्याला सत्तर मिनिटांतली एकतीसच मिनिटं आली होती.

बाईंनी दुसरी स्वतःकडे घेतली, मधल्या सुट्टीपर्यंत. दुपारी दुसरी पहिलीशेजारी बसायची, खेळ, गाणी, परिसर. तरुण सर तिसरीवर. चौथी आणि पाचवी उरलेल्या दोन शिक्षिकांकडे. मुख्याध्यापकानं वर्ग घ्यायचा असतो हे आमच्या तालुक्यात विसरायला झालं होतं. दोन-तीन शाळांतून माझ्याकडे तक्रारीच्या सुरात चौकशी झाली, ‘त्या बाई शिकवतात म्हणे, मग आम्हालाही लावणार का?’

गुरुजींनी पंचायत समितीत अर्ज दिला : वरिष्ठ असताना अवमानकारक वाटप. चौकशी माझ्याकडेच आली आणि मी ती ‘आपसात मिटवावे’ म्हणून बाजूला ठेवली. तेव्हा मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो, हेही सांगून टाकतो. दिवाळीनंतर गुरुजी मला एसटी स्टँडवर भेटले. अर्जाचं काही बोलले नाहीत. चहा घेता घेता म्हणाले, “पहिलीला शिकवायचं म्हणजे दमछाक आहे हो, साहेब. पाचवीत मी आयतं खात होतो.”

आता ऊसतोडीचं. ही बाईंची खरी परीक्षा. गावातून दरवर्षी तीस-चाळीस मुलं फडावर जायची आणि शाळा त्यांची नोंद करायची ती गेल्यावर : ‘स्थलांतरित’. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यायचं म्हणजे पुढच्या गावातली शाळा त्याला बसवून घेईल, अशी सोय आहे. पण कोयता पहाटे निघतो, पत्रक ऑफिसात राहतं. मागं राहणाऱ्यांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवता येतं, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत. सरांच्या काळात त्याचा प्रस्ताव नोव्हेंबरात जायचा, अगदी निर्दोष, सगळी सहपत्रं जोडून. मंजुरी यायची तोवर मुलं उसात.

बाईंनी वही काढली ती ऑगस्टमध्ये. नागपंचमीच्या सुमाराला उचल ठरायला लागते, म्हणजे कोण जाणार हे गावाला तेव्हाच कळलेलं असतं. शाळेलाच तेवढं कळत नाही, कारण कुणी विचारत नाही. घराघराचं एक पान : कोण जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, घरी म्हातारं माणूस कोण, त्याला रात्रीचं दिसतं का. हा शेवटचा रकाना बघून मी हसलो होतो. बाई हसल्या नाहीत. “आजीला दिसत नसलं तर रात्री चूल कोण पेटवणार? मूल आईबरोबर जाणारच.” प्रस्ताव सप्टेंबरात गेला. पैसे तरीही उशिराच आले, पण वसतिगृह दिवाळीनंतर लगेच सुरू झालं, कारण समितीच्या अध्यक्षांनी, जे स्वतः माजी मुकादम होते, किराणा दुकानदाराकडे शब्द टाकला. उधारी समितीच्या नावावर. दोन खोल्या, दोन बायका स्वयंपाकाला, संध्याकाळी अभ्यासाला गावातला एक बारावी झालेला पोरगा.

नेमक्या याच दोन महिन्यांत कॅशबुक राहिलं आणि जानेवारीत मी तो दुसरा शेरा लिहिला. खुलासा आला एका ओळीचा : ‘माहे नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये हंगामी वसतिगृहाच्या व्यवस्थेमुळे कॅशबुक लिहिणे राहिले, ३१ जानेवारीपर्यंत पूर्ण करते.’ आमच्याकडे खुलाशाला किमान एक पान लागतं, ‘विनम्रपणे’ निदान दोनदा. मला तो उद्धटपणा वाटला आणि मी तो तसाच वर पाठवला.

या जागी बाईंची बाजू घेऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. कॅशबुक शोभेची वस्तू नाही. उधारीवर किराणा, तोही समितीच्या नावावर, आणि हिशेब दुकानदाराच्या लांबट वहीत, हा प्रकार धोक्याचा होता. पुढं लेखापरीक्षणात आक्षेप निघालाच आणि त्याचं उत्तर देत बसले ते अध्यक्ष, ज्यांनी फक्त शब्द टाकला होता. बाई वेळेची व्यवस्था लावण्यात वाकबगार होत्या, पैशाच्या कागदात आळशी. हे दोन्ही एकाच माणसात असतं. गावकऱ्यांचाही राग ओढवला. फेब्रुवारी २०१९ च्या शिष्यवृत्तीत शाळेचं एकही मूल पात्र झालं नाही. फलक नाही. दोन पालकांनी मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली आणि जूनमध्ये पट १५२ वर आला. आणखी दोन गेली असती तर बाईंचं पदच उडालं असतं, आणि हा लेख लिहायचं कारणही.

शनिवारच्या बैठकीबद्दल थोडक्यात. शाळा सकाळची, सुटल्यावर चाळीस मिनिटं. सूचना, परिपत्रकं, वर्गणी, सगळं बंद. प्रत्येक शिक्षकानं तीन मुलांची नावं आणायची, जी त्या आठवड्यात अडली. कुठं अडली ते सांगायचं आणि दुसऱ्यांनी सुचवायचं. पहिले दोन महिने शिक्षक ‘घरी लक्ष नाही’ एवढंच सांगत. बाई विचारायच्या, ‘हातच्याच्या वजाबाकीत अडला की शून्य आल्यावर अडला?’ हळूहळू उत्तरं बारीक होत गेली. मी अशा तीन बैठकांना होतो. एकीत सगळा वेळ फक्त ‘र’च्या चार रूपांवर गेला, रफार कुठं आणि ‘ऱ्या’ कुठं. केंद्रावरच्या माझ्या शिक्षण परिषदांत इतकी चर्चा मी कधी ऐकली नव्हती.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी पुन्हा तिसरीला तोच परिच्छेद दिला. हजर सव्वीस, वाचला सतरांनी. दोन वर्षांपूर्वी एकोणिसात सहा.

यातलं किती श्रेय कशाला द्यायचं? मुलं वेगळी होती. परिच्छेद तोच असल्यानं तो शाळेत पाठ झाला असण्याची शंका मला आहे, दुसरा न्यायला हवा होता. गुरुजी पहिलीवर आले ते २०१८ मध्ये, म्हणजे ही तिसरीची मुलं त्यांच्या हाताखालून गेलीच नव्हती. ती बाईंच्या दुसरीतून आणि तरुण सरांच्या तिसरीतून आली. आणि एकोणिसाचे सव्वीस झाले ते वसतिगृहामुळे, तो वाचनाचा नव्हे, हजेरीचा फरक. पण असं एकेक वजा करत गेलं तर हाती उरतं ते असं : मूल शाळेत होतं, शिक्षक वर्गात होता, आणि कुणाला काय येत नाही हे त्याला ठाऊक होतं. शिक्षक तेच, पगार तोच, पाचवं पद अजून रिक्त. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ देशांतल्या १,८०० हून अधिक शाळांचं व्यवस्थापन तपासून २०१५ मध्ये मांडलं की चांगलं व्यवस्थापन आणि मुलांचे चांगले निकाल बरोबरीनं आढळतात. त्यात भारताचे गुण सगळ्यांत कमी होते. त्या माध्यमिक शाळा होत्या आणि तिथं मुख्याध्यापकाच्या हातात बरंच काही असतं. आमच्या प्राथमिक मुख्याध्यापकाला शिक्षक नेमता येत नाही, काढता येत नाही, पैसे कधी येतील ते सांगता येत नाही. त्याच्या हातात राहतं शाळेचं घड्याळ, वर्गवाटप आणि गावाशी असलेलं बोलणं. बाईंनी या तिन्हींना हात घातला. सरांनी तिन्हींना स्पर्श केला नाही, कारण या तिन्हींचं कुठलंच रजिस्टर आम्ही कधी मागितलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या दीड-दोन वर्षांनी सगळे आकडे धुऊन नेले, तेव्हा पुढची तुलना करण्यात अर्थ नाही. बाई मधल्या काळात निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झालाच नाही, पाचपेक्षा जास्त माणसं जमवायला बंदी होती.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी गेलो. सहापैकी चार तोट्या चालू होत्या. तांदूळ आदल्या संध्याकाळीच मोजला जात होता, का ते विचारल्यावर स्वयंपाकीण म्हणाली, “तसंच आसतंय की.” गुरुजी पुन्हा पाचवीवर गेले होते. व्हरांड्यातली खुर्ची ऑफिसात परत आली होती.

नवे मुख्याध्यापक तरतरीत होते. त्यांनी कपाट उघडून बाईंच्या वेळचं कॅशबुक माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, “हे कुठून धरून पूर्ण करू, साहेब?” दोघं बसलो. वसतिगृहाच्या एका बिलाची तारीख लागेना. ती तिसरीच्या सरांना माहीत असणार, कारण बिलं तेव्हा त्यांनीच कॉम्प्युटरवर चढवली होती. मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातून जाणाऱ्या एका मुलीला हाक मारली, “जा गं, सरांना बोलव. म्हणावं, साहेब आलेत.”

मुलगी गेली आणि लगेच परत आली.

“सर म्हणाले, मधल्या सुट्टीत येतो.”